शून्य रुपयांचं तिकीट

आमच्या पिढीतला माणूस दोनदा जन्मला आहे. एकदा आईच्या पोटी आणि एकदा शाळेच्या दाखल्यावर. पहिल्या जन्माची तारीख कुणाला आठवत नाही. दुसरा बहुधा १ जूनला होतो, कारण हेडमास्तरांना ती तारीख सोयीची. माझा दाखला १ जून १९४८ म्हणतो. योगायोग असा, की त्याच दिवशी पुण्याहून नगरला पहिली एसटी निघाली. म्हणजे कागदोपत्री एसटी आणि मी जुळ्या बहिणी. पण ती जन्मली स्वतंत्र भारतात आणि मी निझामाच्या मोमिनाबादेत, जिथं भारत यायला अजून साडेतीन महिने होते. जुळ्या बहिणी दोन वेगळ्या देशांत जन्मल्याचं दुसरं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

मोमिनाबाद म्हणजेच आताचं अंबाजोगाई. गावांची नावं बदलण्याचा सध्या जो हंगाम आहे, त्यात आम्ही कधीच कापणी करून मोकळे झालो.

तर सरकारनं २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट केली, आणि पुढच्या जूनमध्ये मी तिथं पोचले. सरकारनं बाईच्या वयाचे जे टप्पे पाडलेत ते धर्मशास्त्रालाही जमले नव्हते. एकविसाव्या वर्षी ती लाडकी बहीण होते आणि महिना दीड हजाराची धनी होते. (एकविसशेचा शब्द दिलेला आहे. शब्द अजून दिलेलाच आहे.) लाडकी राहायचं तर नवऱ्याचं नाहीतर वडिलांचं आधार जोडा, म्हणजे भाऊ मंत्रालयात बसला तरी जामीन घरचाच पुरुष लागतो. पासष्टी झाली की लाडकेपण संपतं. पुढची दहा वर्षं ती नुसतीच ज्येष्ठ, अर्ध्या तिकिटाची. पण अर्धं तिकीट मार्च २०२३ पासून कॉलेजच्या पोरीलाही आहे, म्हणजे या दहा वर्षांत म्हातारपणाचा स्वतंत्र फायदा असा काही नाही. तेवढी कळ काढली की पंचाहत्तरीला ती एकदम अमृत होते. योजनेचं नावच तसं आहे.

केंद्र सरकारला मात्र मी म्हातारी वाटत नाही. रेल्वेत आम्हा बायांना अठ्ठावन्नाव्या वर्षापासून निम्मं भाडं होतं. मार्च २०२० मध्ये ते बंद केलं. साथीत म्हाताऱ्यांनी हिंडू नये ही काळजी. साथ गेली. काळजी अजून चालू आहे.

वाहक मशीनमधून तिकीट काढून देतो, त्यावर रक्कम शून्य. फुकट असलं तरी तिकीट असतं, आणि ते जपून ठेवावं लागतं, कारण तपासणीसाला शून्य रुपयांचीही चोरी चालत नाही. जानेवारी २०२५ मध्ये एसटीनं १४.९५ टक्के भाडेवाढ केली तेव्हा सगळी बस चिडली होती. मी शून्याचे १४.९५ टक्के काढून पाहिले आणि गप्प बसले. आता बसमध्ये बाया अर्ध्या तिकिटाच्या, पोरं अर्ध्या तिकिटाची, म्हातारे अर्ध्या किंवा शून्याचे. पूर्ण पैसे मोजणारा धडधाकट पुरुष दांडीला धरून उभा असतो आणि माझ्या जागेकडं बघत असतो. त्याच्याकडं बघून मला दया येते, पण उठावंसं वाटत नाही. पस्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत उभं राहूनच शिकवलं आहे.

“बाई, आज कुठं जायलाव?” वाहक विचारतो. तो माझ्याच हाताखालून गेलेला. त्याला भूगोल कधी आला नाही. आता तोच मला महाराष्ट्र दाखवतो. खाली सिरोंचा झालं, वर अक्कलकुवा झालं. सिंधुदुर्गात बांद्यापर्यंत गेले आणि उतरले. पुढं गोवा लागतो, तिथं मी अमृत नाही. लेकीकडं न्यू जर्सीला सहा महिने राहून आले होते, तर तिथं मी फक्त तिचं स्वयंपाकघर आणि बर्फ पाहिला. त्यापेक्षा अहेरीच्या स्थानकावर दोन तासांत जास्त जग दिसलं.

प्रत्येक स्थानकाबाहेर एक फ्लेक्स असतो आणि त्यावर एक भावी माणूस. भावी आमदार, भावी नगराध्यक्ष, एका ठिकाणी तर नुसतंच ‘भावी’ वाचलं, पुढचं वाऱ्यानं फाटलं होतं. आमच्या गावात संतकवी दासोपंतांची पासोडी आहे. चाळीसेक फूट लांब कापड, त्यावर त्या माणसानं चारशे वर्षांपूर्वी पंचीकरण लिहून काढलं, आकृत्यांसकट. पासोडी जपून आहे. चाळीस फुटी कापडं आम्ही आजही लावतो. मजकूर तेवढा वाढदिवसाच्या शुभेच्छांवर आला आहे.

बाहेर फिरताना शेजारची बाई विचारते, “कुठल्या तुम्ही?” पूर्वी मी “अंबाजोगाई, बीड जिल्हा” म्हणायचे आणि ती म्हणायची, “म्हणजे दुष्काळी की हो.” आता ती काही म्हणत नाही. पर्स उचलून मांडीवर घेते. मस्साजोग आमच्या शेजारच्या केज तालुक्यातलं. डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या सरपंचाला ज्या तऱ्हेनं मारलं, त्यावर मी विनोद करणार नाही. पण पंचाहत्तरी ओलांडलेल्या, गुडघे धरून चढणाऱ्या बाईला बीडची म्हणून लोक खिडकीची जागा सोडतात, यावर करायला हरकत नसावी. एवढं वजन मला शाळेत छडी असतानाही नव्हतं.

मला लोक ‘खूप फिरलेल्या’ म्हणतात तेव्हा मात्र लाज वाटते. आमच्या जिल्ह्यात फिरलेले लोक दुसरेच. दसरा झाला की ऊसतोडीला ट्रक-ट्रॅक्टर भरतात. चूल, कोंबड्या, लेकरं, शेळी, सगळं वर. सांगली, कोल्हापूर, थेट कर्नाटकातले कारखाने. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता. दोन माणसांचं एक हत्यार होतं आणि त्यावर उचल मिळते. यांनी पंढरपूर पाहिलंय ते रात्री ट्रॅक्टरवरून, पंचगंगा पाहिलीय ती भांडी घासताना. माझ्या वर्गातली पोरं दिवाळीपासून पाडव्यापर्यंत जायची. हजेरीपटावर मी ‘स्थलांतरित’ लिहायचे, आणि अक्षर सुंदर यावं म्हणून काळजीही घ्यायचे, कारण तपासणीला साहेब फक्त अक्षर बघायचे. एका पोराला मी नकाशात कोल्हापूर दाखवायला सांगितलं. तो म्हणाला, “बाई, नकाशात नाय माहीत, पर तितल्या उसात कुटं साप निगतेत ते सांगतो.” मी त्याला पैकीच्या पैकी द्यायला हवे होते, अभ्यासक्रमात साप नव्हते.

आता गावाचं सांगते. आमची योगेश्वरी मूळची कोकणातली. परळीच्या वैजनाथाशी तिचं लग्न ठरलं, वऱ्हाड निघालं, घाट चढून आलं, आणि मुहूर्त टळला. वऱ्हाडाचा दगड झाला. हत्तीखान्यातले कातळातले हत्ती आजही उभे आहेत. त्यांच्यापुढं पोरं रील करतात. परळी इथून पंचवीसेक किलोमीटर. कोकणातून एवढं अंतर तोडलं आणि शेवटच्या पंचविसात सगळं अडकलं. देवी कुमारिका राहिली आणि तिचा हा स्वभाव गावानं उचलला. आमच्याकडं प्रत्येक गोष्ट वाजत-गाजत निघते आणि वेशीवर येऊन दगड होते.

अंबाजोगाई जिल्ह्याच्या मागणीचंच घ्या. जालना १९८१ ला झाला, लातूर १९८२ ला. लातूर इथून साठेक किलोमीटर. शेजारच्या घरी लग्न लागावं आणि आपल्या पोरीला सगळ्यांनी “आता तुझा नंबर” म्हणावं, तसं झालं. हिंगोली झाला १९९९ ला, पालघर २०१४ ला. आमचा मांडव अजून उभा आहे. मांडवाखाली सामान मात्र सगळं येऊन पडलंय. स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि ते आशियातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे हे वाक्य इथलं मूल ‘अ’च्या आधी शिकतं. अपर जिल्हाधिकारी आहेत, अपर पोलीस अधीक्षक आहेत. आरटीओ तर असं दिलंय, की बीडच्या गाड्या एमएच २३ आणि आमच्या एमएच ४४. गाड्यांचा जिल्हा झाला. माणसांचं बघू म्हणतात.

रेल्वेचंही तेच. नगर-बीड-परळी मार्ग १९९५ मध्ये मंजूर झाला आणि २०२५ च्या १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, गाडी बीडपर्यंत आली. तीस वर्षांत किती उमेदवार त्या रुळांवरून विधानसभेत आणि लोकसभेत गेले, रूळ नसताना! गाडी पुढं परळीला जाईल, आणि त्या वाटेत आम्ही नाही. आमच्या तालुक्यात घाटनांदूरला स्टेशन आहे, ते जुनं. गावातला माणूस तिथं जायला आधी एसटीच धरतो.

आणखी एका बाबतीत आम्ही पहिले होतो, तिथंही वांधा झाला. मराठीचे आद्यकवी मुकुंदराज आमचे. विवेकसिंधू शके १११० चा, म्हणजे ११८८, आणि समाधी इथं डोंगराच्या कडेला. पण विदर्भात वैनगंगेकाठी आंभोरा आहे, ते म्हणतात मुकुंदराज आमचे. मी शून्य रुपयांत आंभोऱ्याच्या वाटेला लागले आणि खात्री करून आले. नदी मोठी आहे, आणि वर काचेची गॅलरी असलेला भला थोरला पूल झाला आहे. पंडितांचा वाद सुटेल तेव्हा सुटेल. पुलाच्या बाबतीत आंभोऱ्याचा दावा भक्कम आहे.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठी अभिजात झाली. तीच स्वामी रामानंद तीर्थांच्या जयंतीची तारीख, त्यामुळे आम्ही एकाच हारात दोन कार्यक्रम उरकले. सात महिनेही झाले नसतील, एप्रिलमध्ये पहिलीच्या लेकरांना हिंदी शिकवायचा आदेश निघाला. जूनच्या शेवटी मागं घेतला. माझे वडील निझामाच्या राज्यात उर्दूतून शिकले, उर्दूत अर्ज लिहीत आणि मराठीत शिव्या देत. त्यांच्या मराठीला काही झालं नाही. मराठीला खरी भीती शाळांच्या पटसंख्येची आहे, आणि त्या पटासाठी कुणी मोर्चा काढल्याचं ऐकलं नाही.

आता नवीन वऱ्हाड निघालंय, शक्तिपीठ महामार्गाचं. पवनार ते पत्रादेवी, २०२५ च्या आराखड्यात ८०२ किलोमीटर, खर्च ८६ हजार कोटींच्या घरात. नकाशात आमची योगेश्वरीही आहे. अठरा तासांचा प्रवास आठ तासांत होणार म्हणतात. कोल्हापूरचे शेतकरी जमिनीपायी रस्त्यावर उतरले, ते बरोबरच आहे; पण माझी हरकत वेगळी आहे. देवीला जायला बाया इतकी वर्षं जे अठरा तास घेत होत्या, ते कुणाला विचारून वाया गेले धरले? घरातून तीन दिवस सुटायला देवीसारखं दुसरं सबळ कारण नाही. माहूर-तुळजापूर एका दिवसात होऊ लागलं तर संध्याकाळच्या भाकरीला घरी या म्हणतील.

गेल्या महिन्यात जिल्हा मागणीवाली पोरं घरी आली. पोरं म्हणजे साठीची. मागणी सुरू झाली तेव्हा पोरं होती, मागणीनं त्यांचं वय धरून ठेवलंय. धरण्याला सगळ्यात ज्येष्ठ म्हणून मी अध्यक्ष व्हावं आणि चार शब्द बोलावेत, असा आग्रह.

मी म्हटलं, “बोलते, पण खरं बोलू का? बीड इथून नव्वद किलोमीटर. आज मला हयातीच्या दाखल्याची भानगड काढून तिकडं जाता येतं. जाता-येता खिडकीची जागा, मांजरसुंब्याला चहा, दिवस कसा जातो कळत नाही. जिल्हा इथं झाला की ऑफिस येणार मागच्या गल्लीत. पायी जावं लागंल. त्याला शासनाची काय सवलत आहे?”

दुसऱ्या दिवशी पत्रक छापून आलं. माझं नाव अध्यक्षांमधून काढून ‘विनीत’च्या यादीत सगळ्यात शेवटी घातलं होतं, आणि धरण्याची वेळ नेमकी बीडच्या गाडीची ठेवली होती.