कप यंदा आपलाच: नवशिक्यांसाठी सोपी मार्गदर्शिका

टोरांटोच्या परिसरात नव्याने आलेल्या मराठी माणसाला पहिल्याच हिवाळ्यात दोन प्रश्न विचारले जातात. थंडी सोसते का? आणि यंदा लीफ्सचं काय होणार? पहिल्याला ‘सोसते’ असं धडधडीत खोटं सांगून सुटता येतं. दुसऱ्याला मात्र अभ्यास लागतो. मिसिसागात राहून मी वीसेक वर्षं टोरांटोच्या हॉकी संघाच्या, म्हणजे मेपल लीफ्सच्या, विजेतेपदाचा अंदाज बांधत आलो आहे आणि दर वर्षी चुकलो आहे. या विषयातला अधिकार याच मार्गाने मिळतो.

पायरी 1: तोंड सांभाळा. ‘आइस हॉकी’ म्हणू नका, नवखे म्हणून लगेच ओळखले जाल. इथे हॉकी म्हणजे बर्फावरचीच. ध्यानचंदांचा विषय काढायचाच झाला तर त्यांच्या हॉकीला ‘फील्ड हॉकी’ म्हणायचं आणि अपमान गिळायचा. चेंडू नसतो, पक असतो: एक इंच जाड, तीन इंच व्यासाची रबराची चकती. ती उसळू नये म्हणून सामन्याआधी गोठवून ठेवतात. गोल अडवणारा तो गोली. इंग्रजी समालोचन डोक्यावरून गेलं तर पंजाबी शोधा. ‘हॉकी नाइट’ या टीव्ही कार्यक्रमाचं पंजाबी प्रसारण 2008 साली सुरू झालं, आणि हिंदी सिनेमावर पोसलेल्या कानांना ते लवकर उमगतं.

पायरी 2: गुणतक्ता पाठ करा आणि विसरा. लीगमध्ये संघ 32. 2025-26 पर्यंत प्रत्येकाचे सामने 82. जिंकल्यास दोन गुण. जादा वेळेत हरल्यास एक. हरूनही गुण मिळत असल्यामुळे सगळेच संघ बरे दिसतात. त्यातले 16 प्लेऑफमध्ये, म्हणजे कपाच्या बाद फेऱ्यांत, जातात.

तक्त्यात पहिला येणाऱ्याला 1986 पासून प्रेसिडेंट्स ट्रॉफी मिळते. 2025 पर्यंत ती मिळवणाऱ्याला त्याच मोसमात स्टॅन्ली कपही, म्हणजे प्लेऑफ जिंकणाऱ्याचा कपही, मिळाला असं फक्त आठ वेळा झालं. 2019 मध्ये टॅम्पा बेने 62 सामने जिंकले आणि पहिल्याच फेरीत कोलंबसकडून चारही सामने हरून घर गाठलं. 2023 मध्ये बॉस्टनने 65 विजयांचा विक्रम केला आणि पहिल्याच फेरीत 3-1 अशी आघाडी घेऊनही फ्लोरिडाकडून मालिका घालवली. उलट 2019 च्या जानेवारीत सेंट लुईस ब्लूज तळाला होते. जूनमध्ये कप त्यांच्या हातात होता. तात्पर्य: पहिल्या नंबराची काळजी करा, शेवटच्याला हसू नका.

पायरी 3: थोडं गणित. प्लेऑफच्या चार फेऱ्या. प्रत्येक फेरीत सातपैकी चार सामने जिंकायचे, म्हणजे कपासाठी एकूण 16 विजय. समजा तुमचा संघ इतका चांगला आहे की कोणतीही मालिका जिंकण्याची त्याची शक्यता 60 टक्के. चार वेळा 0.6 चा गुणाकार करा. उत्तर तेरा टक्क्यांच्या आसपास येतं. म्हणजे हा उत्तम संघ शंभरातल्या 87 वेळा हरणार. हे गणित एकट्याने करावं. चारचौघांत सांगू नये. जेवायला बोलावणं बंद होतं.

पायरी 4: गोली बघा. बाकीचे खेळाडू पाऊण-एक मिनिटाच्या पाळीने बर्फावर येतात-जातात, गोली सहसा साठ मिनिटं उभा असतो. शंभरातले 92 फटके अडवणारा चांगला, 90 वाला बेताचा. फरक दोनाचाच, पण रोजचे तीस फटके धरले तर दोन सामन्यांत एका गोलाहून जास्त. बरेच सामने एका गोलानेच ठरतात. 2012 मध्ये लॉस एंजेलिस किंग्ज आपल्या विभागातून आठवे, म्हणजे शेवटचे, प्लेऑफला आले आणि जोनाथन क्विकच्या जोरावर कप घेऊन गेले.

मात्र गोलीचाही फार भरवसा धरू नका. 22 फेब्रुवारी 2020 ला टोरांटोतच कॅरोलायनाचे दोन्ही गोली जखमी झाले. नियमाप्रमाणे स्टेडियममध्ये ठेवलेला राखीव गोली उतरवला: डेव्हिड आयर्स, वय 42, बर्फ गुळगुळीत करणारी झांबोनी गाडी चालवलेला माणूस. तो लीफ्सनाच सराव द्यायचा. पहिले दोन फटके आत गेले, पुढचे आठही त्याने अडवले. लीफ्स 6-3 हरले. माळ्याने येऊन सामना जिंकून द्यावा, तसलं काहीतरी.

पायरी 5: ग्रह पाहा. हसू नका, इथले आकडेतज्ज्ञही पाहतात. फक्त त्याला ‘पीडीओ’ म्हणतात. आपले किती टक्के फटके गोल झाले आणि समोरच्याचे किती टक्के अडवले, यांची बेरीज. साऱ्या लीगची सरासरी शंभर येते. नोव्हेंबरात तुमच्या संघाची 103 असेल तर ग्रह उच्चीचे आहेत, उतरतील. 97 असेल तर साडेसाती आहे. तीही संपते, पण बहुधा मोसम संपल्यावर.

पायरी 6: नेमधर्म पाळा. प्लेऑफभर खेळाडू दाढी करत नाहीत. विभागाचा चषक जिंकला तरी कित्येक कर्णधार त्याला हात लावत नाहीत. हात लावला की मोठा कप रुसतो म्हणे. डेट्रॉइटमध्ये 1952 पासून बर्फावर ऑक्टोपस फेकतात, कारण तेव्हा कपासाठी आठ विजय लागत आणि त्याला पाय आठ. सचिन खेळत असताना सोफ्यावरची जागा न बदलणाऱ्या आपण लोकांनी यावर काही बोलू नये.

खास प्रकरण: लीफ्स. यांनी शेवटचा कप 1967 मध्ये जिंकला, तेव्हा लीगमध्ये संघच सहा होते. त्यानंतर अंतिम फेरीही नाही. 13 मे 2013 ला बॉस्टनविरुद्धच्या सातव्या सामन्यात आपण 4-1 ने पुढे होतो. शेवटचं सत्र चालू. मी फ्रिजमधून पेढे काढले. बॉस्टनने आधी एक गोल फेडला, मग शेवटच्या दीड मिनिटात आणखी दोन करून बरोबरी साधली. “अहो, पेढ्यांवर झाकण ठेवू का?” बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं. जादा वेळेत हरलो. 2018, 2019 आणि 2024 लाही बॉस्टनकडून सातव्याच सामन्यात. 2021 मध्ये मॉन्ट्रियलवर 3-1 आघाडी असताना. 2023 मध्ये 2004 नंतरची पहिली मालिका जिंकली तर लोक रस्त्यावर नाचले. एक फेरी जिंकली होती. तीन बाकी होत्या. 2025 मध्ये फ्लोरिडावर 2-0 आघाडी घेतली आणि सातवा सामना घरच्या बर्फावर 6-1 ने घालवला.

कुणी विचारलंच तर काय सांगावं:

ऑक्टोबर: कप यंदा आपलाच.
डिसेंबर: बचावफळीत एक माणूस कमी आहे.
फेब्रुवारी: पीडीओ उतरतोय.
एप्रिल: गोली बघा.
मे: (मान हलवावी.)
जून: आपल्याला हरवणाऱ्यांनीच कप नेला, म्हणजे आपण तसे दुसरेच. 2025 ला हे वाक्य अक्षरशः उपयोगी पडलं, फ्लोरिडाच जिंकलं.
जुलै: नवीन बचावपटू आलाय. कप यंदा आपलाच.

एवढं पाठ झालं की तुम्ही तयार. पहिला विजय, आठवा विजय, 4-1 ची आघाडी, कशालाही भुलू नका. पेढे सोळाव्या विजयानंतरच आणायचे. तोपर्यंत दुकानं बंद झालेली असतील, तर दुसऱ्या दिवशी आणा. 1967 पासून थांबलोय, एक रात्र काही जास्त नाही.