सहा आकडे, पळसदरी ते केळवली

खोपोलीचं टाटांचं वीजघर १९१५ पासून घाटावरच्या तलावांचं पाणी पिऊन वीज काढतंय. क्षमता ७२ मेगावॉट. आता समजा, कुणा हॅकरला सांकेतिक कुलपाची १२८ बिटांची प्रत्येक शक्य किल्ली एकेक करून ताडून पाहायची आहे. एक बिट पुसायला निदान किती ऊर्जा लागणारच, ते रॉल्फ लँडावर यांनी १९६१ मध्ये मांडून ठेवलंय. त्या हिशेबाने नुसते आकडे मोजायलाच खोपोलीची सगळी वीज सुमारे ४३० वर्षं लागेल. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माआधी सुरुवात केली असती, तर आत्ता कुठे आटोपत आलं असतं. किल्ली कुलपाला लावून बघणं वेगळंच. २५६ बिटांचं तर नावच नको, सूर्याचं अख्खं आयुष्य जाळलं तरी भागत नाही.

क्वांटम संगणक? तो २५६ बिटांना फार तर १२८ वर आणतो, म्हणजे पुन्हा खोपोलीच. (आरएसएसारख्या कुलपांना मात्र त्याची खरी भीती आहे, ती कुलपं बदलायचं काम सुरू झालंय.)

आणि इकडे कर्जत-खोपोली लोकलमध्ये खिडकीपाशी बसलेले काका, कानाला फोन, दुसऱ्या कानात बोट: "हां साहेब, ओटीपी लिहून घ्या. चार, सात... ऐकू येत नाही? चा-र!" पळसदरीला सुरुवात, केळवलीपर्यंत अख्ख्या डब्याला सहाही आकडे पाठ. समोरच्या आजींनी मदत म्हणून शेवटचा आकडा मोठ्याने परत सांगितला.