नमुन्यात सगळे, नामावलीत मोजके

अर्थशास्त्रीय संशोधनातील समता, विविधता आणि समावेशन ही दोन टप्प्यांत अमलात येणारी प्रक्रिया आहे. पहिल्या टप्प्यात सर्व जाती, धर्म, लिंगे आणि उत्पन्नगट नमुन्यात घेतले जातात. दुसऱ्या टप्प्यात नमुन्याबाहेरची चार-पाच माणसे त्यांच्यावर शोधनिबंध लिहितात. पहिला टप्पा पार पाडताना या विद्याशाखेला कधी अडचण आलेली नाही. दुसऱ्यासाठी समिती नेमलेली असते.

पहिल्या टप्प्याचे काम बघायचे तर नाशिक जिल्ह्यातील बागलाण तालुका, मोसम नदीकाठचे नामपूर. गाव कांद्याचे. उन्हाळी कांद्याचे रोप डिसेंबर-जानेवारीत लागते, मार्च-एप्रिलमध्ये कांदा निघतो, चाळीत जातो आणि भाव बघून बाजार समितीच्या आवारात येतो. वाफ्यात ओणवे होऊन रोप लावणे, खुरपणे, उपटलेल्या कांद्याची पात विळ्याने कापणे, चाळीतला सडका कांदा वेचून बाजूला काढणे ही कामे बहुतेक बायकांची. ट्रॅक्टर घेऊन जाणे, लिलावात भाव फुटेपर्यंत उभे राहणे आणि हिशेबपट्टी खिशात घालणे ही बहुतेक पुरुषांची. अर्थशास्त्र हिशेबपट्टीपासून सुरू होते. सातबाऱ्यावर नाव पुरुषाचे, पट्टीवरही त्याचेच. त्यामुळे कांदा पिकवला कोणी, याविषयी अभ्यासकाचा गोंधळ उडत नाही.

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात प्रत्येकाला कामाचा एक सांकेतिक क्रमांक मिळतो. स्वतःची शेती कसणाऱ्याला 11. घरच्याच शेतीत बिनपगारी राबणाऱ्याला 21. फक्त घरकाम करणाऱ्याला 92, आणि घरकामाच्या जोडीला घरासाठी सरपण, चारा वगैरे गोळा करणाऱ्याला 93. क्रमांक स्त्री-पुरुष असा भेद करत नाहीत, हे मान्य करायला हवे. भेद होतो तो ओट्यावर. प्रगणक बसतो, चहा येतो, घरधनी सांगतो, "मंडळी घरीच असते." 92 लिहून होते. कप परत न्यायला आलेल्या मंडळींच्या नखांत वाफ्यातला चिखल असतो, पण तक्त्यात नखांसाठी रकाना नाही.

मोजणी अशक्य आहे, असेही म्हणता येत नाही. 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटे घालवतात, असे काम करणारे पुरुष 97. आकडा सरकारी आहे. तो राष्ट्रीय उत्पन्नात धरावा का, हा प्रश्न तात्त्विक असल्याने प्रलंबित आहे. केंब्रिजच्या पिगू यांनी 1920 मध्येच दाखवून दिले होते की एखाद्या गृहस्थाने पगारी मोलकरणीशी लग्न केले तर काम तेवढेच राहून राष्ट्रीय उत्पन्न घटते. तेव्हापासून हा दाखला वर्गात विनोद म्हणून सांगितला जातो. विद्यार्थी हसतात आणि पुढचे प्रकरण सुरू होते.

दुसरा टप्पा, म्हणजे नामावली, अधिक जुना आणि अधिक शिस्तीचा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1915 मध्ये कोलंबिया विद्यापीठातून अर्थशास्त्रात एम.ए. केले. 1918 मध्ये त्यांनी भारतातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. जमिनीचे तुकडे जोडून भागणार नाही, शेतीवर पोसले जाणारे जादा हात उद्योगांकडे वळवले पाहिजेत, असे त्यात मांडले होते. याच सुमारास ते मुंबईच्या सिडनॅहम महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवू लागले. विद्यार्थी त्यांची व्याख्याने मन लावून ऐकत. काही सहकारी प्राध्यापकांचा आक्षेप मात्र प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या भांड्यातले पाणी ते पितात, यावर होता. शेतीवरच्या जादा श्रमशक्तीचा सिद्धांत पुढे आर्थर लुईस यांनी 1954 मध्ये मांडला आणि त्यांना 1979 चे नोबेल मिळाले. आंबेडकर अभ्यासक्रमात आहेत, नाहीत असे नाही. बहुधा शेवटच्या घटकात, जो परीक्षा जवळ आल्यावर घरी वाचायला सांगतात.

अमरावती जिल्ह्यातून आलेले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी 2007 मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त एक प्रयोग प्रसिद्ध केला. खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना तोलामोलाच्या पात्रतेचे अर्ज पाठवले, फक्त नावे बदलली. सवर्ण नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश भरली, मुस्लिम नावाला सुमारे एक-तृतीयांश. अर्थशास्त्र विभागांनी हा प्रयोग आवडीने शिकवायला घेतला, कारण तो खासगी कंपन्यांवर झाला होता.

स्त्रियांची स्थिती जागतिक आहे, तेव्हा थोडक्यात. अर्थशास्त्राचे नोबेल 1969 पासून 2025 पर्यंत 99 जणांना मिळाले. त्यांत स्त्रिया तीन. एलिनॉर ऑस्ट्रॉम, एस्थर डुफ्लो आणि क्लॉडिया गोल्डिन. डुफ्लो यांना 2019 मध्ये पती अभिजित बॅनर्जी यांच्यासह मिळाले तेव्हा एका भारतीय इंग्रजी दैनिकाने 'अभिजित बॅनर्जी आणि पत्नी' अशा थाटाचा मथळा देऊन समावेशन साधले. बॅनर्जी यांच्या आई निर्मला, माहेरच्या पाटणकर, स्वतः अर्थतज्ज्ञ. असंघटित क्षेत्रातील कामगार स्त्रियांवर त्यांनी आयुष्यभर काम केले. मथळ्यात तेवढी जागा नव्हती.

देशी चर्चासत्रांनी हा प्रश्न केव्हाच सोडवला आहे. बीजभाषण, अध्यक्षपद आणि समारोप पुरुषांकडे. सूत्रसंचालन, आभारप्रदर्शन, स्वागतगीत आणि रांगोळी स्त्रियांकडे. अहवालात सर्वांची एकत्र बेरीज होते आणि स्त्रियांचा सहभाग पन्नास टक्क्यांच्या वर जातो.

नाशिक जिल्ह्याला याहून वेगळा अनुभवही आहे. नोव्हेंबर 1986 मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन भरले. लाखाच्या घरात बायका जमल्या आणि शेतीचा तोटा व बाईची बिनमोल मजुरी हा एकच हिशेब आहे, असे तिथे उघड बोलले गेले. संघटनेचे नेते शरद जोशी यांच्या 'लक्ष्मीमुक्ती' कार्यक्रमात पुढे अनेक गावांतल्या शेतकऱ्यांनी जमिनीचा काही हिस्सा बायकोच्या नावावर केला. अर्थशास्त्राच्या लेखी तो मेळावा होता, संशोधन नव्हे. त्याविषयी विद्यापीठांत नंतर जे लिहिले गेले ते बहुतांशी इंग्रजीत असल्याने चांदवडला आलेल्या बायकांच्या आक्षेपांपासून सुखरूप राहिले.

तेव्हा नामपूरला येणाऱ्या पुढच्या पथकाने कांदा चाळीत गेल्यावर येऊ नये. लागवड चालू असताना, जानेवारीत यावे. प्रश्न ओट्यावर न विचारता वाफ्यापाशी, रोप लावणारीला विचारावेत. उत्तर अहिराणीत आले तर ते समजणारा माणूस बरोबर आणावा आणि त्याचे नाव तळटीपेत न टाकता लेखकांत घालावे. निबंध छापून आला की त्याची मराठी प्रत गावच्या महाविद्यालयात ठेवावी. चुका काढणारे तिथे पुष्कळ भेटतील.