माशाला स्टिल्टन, माणसाला थंडी

रेडिंगमध्ये आता इतकी मराठी माणसं झाली आहेत की कोथिंबीर कुठे ताजी मिळते हे विचारायला इंग्रजी लागत नाही. ते लागतं शेजाऱ्याशी बोलताना. लेकीच्या शेजारी एक निवृत्त आजोबा राहतात. फेब्रुवारीतल्या एका सकाळी त्यांनी कुंपणावरून विचारलं, "उद्या चबला येता?" चब हा नदीतला मासा. मी मालवणचा. मासा म्हटल्यावर नाही म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही. आतून लेक हळूच म्हणाली, "बाबा, खुशाल जा. पण 'याचं कालवण करतात की तळतात' एवढं मात्र त्यांना विचारू नका."

दुसऱ्या दिवशी आजोबांच्या गाडीचं दार उघडलं आणि मी एक पाऊल मागे आलो. मागच्या सीटवर डब्यात निळ्या बुरशीचं स्टिल्टन चीज होतं, पावाच्या चुऱ्यात आणि पिठात मळलेलं. पदार्थाला असा वास आला की आमच्याकडे तो आधी मांजराला दाखवतात आणि मांजरानं तोंड फिरवलं की टाकून देतात. इथे तो मुद्दाम विकत आणून माशाला वाढतात. थील गाव मागे पडेपर्यंत मी खिडकीबाहेर तोंड काढून इंग्लंडचं निसर्गसौंदर्य पाहत होतो.

केनेट नदी विल्टशरमध्ये सिल्बरी हिलजवळ उगम पावते आणि रेडिंगला टेम्सला मिळते. आमच्या ओढ्याएवढी नदी, पण कागदपत्रं गोदावरीला पुरतील इतकी. तेरा वर्षांच्या किंवा त्याहून मोठ्या कुणालाही गळ टाकायला सरकारी परवाना हवा. तो एका दिवसाचाही मिळतो. वर ज्या क्लबाचा काठ असेल त्याचं वेगळं तिकीट. मी नुसता बघ्या, म्हणून फुकट.

मग सामान निघालं. आजोबांची काठी 'स्प्लिट केन'ची. म्हणजे बांबू चिरायचा, त्याच्या सहा त्रिकोणी पट्ट्या काढायच्या, केसाइतक्या अचूक तासायच्या आणि पुन्हा एकमेकींना चिकटवायच्या. एवढ्या खटपटीनंतर हाती येतो बांबूच, फक्त षटकोनी. पूर्वी यासाठी कलकत्त्याहून बांबू येई, पुढे चीनमधल्या टोंकिन बांबूनं त्याला मागे टाकलं. हे ऐकून माझ्यातला स्वदेशीवाला जागा झाला, पण थंडी बघून लगेच झोपला. रीळ सेंटरपिनचं, एका खिळ्यावर फिरणारं साधं चाक, बोटानं टिचकी मारली की बराच वेळ फिरत राहणारं. त्याला ब्रेक म्हणजे आजोबांचा अंगठा. तरंगा साळिंदराच्या काट्याचा, शेंड्याला लाल रंग दिलेला. कार्बनची काठी हलकी, मजबूत आणि स्वस्त मिळते. म्हणूनच ती नको.

या परंपरेची पाळंमुळं खणू नयेत. आयझॅक वॉल्टननं 1653 साली 'द कम्प्लीट अँग्लर' लिहिलं, तेव्हा दोर घोड्याच्या केसांचा असे आणि चिरलेल्या बांबूची काठी कुणाच्या स्वप्नातही नव्हती. ती एकोणिसाव्या शतकातली. आजोबांची परंपरा त्यांच्या वडिलांच्या माळ्यापाशी सुरू होते, त्यामागे जात नाही. वॉल्टन मात्र मला आपला माणूस वाटला. चबच्या अंगात काटे भरमसाट आणि मांस पाणचट, हा आक्षेप त्यानं नोंदवला आहे आणि तरीही कृती दिली आहे: पोटात सुवासिक पाला भरा, सळईवर भाजा, वरून व्हिनेगर, लोणी आणि भरपूर मीठ. तिरफळ त्याला माहीत नव्हतं, त्याला तो काय करणार!

चब काहीही खातो. पाव, चीज, गोगलगाय, क्रेफिश, झाडावरून पडलेली फळं, क्वचित उंदीरसुद्धा. इतर मासे गारठून गप्प बसतात तेव्हाही त्याची भूक शाबूत असते, म्हणून तर ही फेब्रुवारीतली वारी. पण खादाड असला तरी भित्रा. काठावर पाय आपटला की गेलाच. त्यामुळे बोलायचं नाही, उठायचं नाही, शिंकायचं नाही. दुपारपर्यंत साळिंदराचा काटा पाण्यावरून इमानानं वाहत गेला आणि रिकामा परत आला. माझ्या डब्यातलं थालीपीठ आमिष म्हणून चालेल का, असं मी खुणेनं विचारलं. आजोबांनी तुकडा हुंगला, गळाकडे पाहिलं आणि स्वतः खाल्ला.

दिवस कलताना त्यांनी तरंगा काढला, वजन बांधलं, सुपारीएवढं स्टिल्टन लावलं आणि विलोच्या फांद्यांत अडकलेल्या काटक्यापाचोळ्याखाली सोडलं. तंगूस अंगठा आणि बोटात धरून बसले. आपल्या गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल सांगता सांगता त्यांचं वाक्य तुटलं, काठी मुठीपर्यंत वाकली आणि चाक करकरलं. मासा मुळांकडे धावत होता, आजोबांचा अंगठा त्याला अडवत होता. शेवटी जाळ्यात आला तो जाड पांढऱ्या ओठांचा, पितळी खवल्यांचा, चार पौंडांहून जरा वर. तोंड एवढं मोठं की मी बोट पुढे केलं. "नको," आजोबा म्हणाले. चबचे दात घशात असतात, क्रेफिशचं कवच त्यांनीच फोडतो.

मी मनात तुकड्या पाडून मीठ-हळद लावलीसुद्धा. आजोबांनी त्याला प्रवाहाकडे तोंड करून पाण्यात धरलं, आणि तो शेपटी हलवून गेला. आपल्या रायगड जिल्ह्यात वाळण कोंडीला काळ नदीच्या डोहात महसीर आहेत; लोक त्यांना चुरमुरे घालतात, पकडत कुणी नाही. तिथे देवीचा धाक. इथे क्लबाचा. चबच्या दृष्टीनं पाहिलं तर आपली व्यवस्था बरी: खाणं तेच, गळ नाही.

कुणी हिवाळ्यात लेकीकडे रेडिंगला जाणार असेल तर ध्यानात ठेवा. 15 मार्च ते 15 जून नदीत चबसाठी गळ टाकायला बंदी असते, त्याआधी जा. मोजे दोन जोड घाला. आणि जेवणाचा डबा आमिषाच्या डब्यापासून लांब ठेवा, दोघांचाही रंग निळा असतो.