साहेब सावलीत आहेत

आसामातलं नामेरी राष्ट्रीय उद्यान जीपमध्ये बसून पाहता येत नाही. नावेतून जिया भरोली ओलांडायची आणि मग पायपीट. पुढे बंदूकवाला वनरक्षक, मागे आपण. "बंदूक कशाला हो?" आमच्या गटातल्या काकांनी विचारलं. "हत्ती," एवढंच उत्तर आलं. तेव्हापासून काकांनी दुर्बीण गळ्यात टांगली ती टांगलीच. ते नुसतं शेण न्याहाळत चालले होते आणि प्रत्येक पोवापाशी थांबून "ताजं की कालचं?" एवढीच चौकशी करत होते.

आम्ही आलो होतो पांढऱ्या पंखांच्या रानबदकासाठी. आसामचा हा राज्यपक्षी. तिथे त्याला देओहांह म्हणतात. सखल प्रदेशातली जंगलं तुटली तसा तो दुर्मीळ झाला, कारण साहेबांच्या आवडीनिवडी फार. उघडं तळं चालत नाही, गर्द झाडीत दडलेलं संथ पाणीच हवं. घरटं झाडाच्या ढोलीत. दिवसभर सावलीत विश्रांती. बिया, गोगलगायी, बारके मासे शोधायला बाहेर पडायचं ते दिवस कलल्यावर. आणि गडबड बिलकूल खपत नाही.

आमच्याकडे चकल्यांचा पुडा होता.

डबक्याकाठी वनरक्षकाने ओठांवर बोट ठेवलं. सगळे गप्प. तेवढ्यात वहिनींनी पुडा उघडला. प्लॅस्टिकचा तो कडकडाट जंगलात किती लांब जातो, हे ऐकल्याशिवाय कळायचं नाही. समोरच्या वेतातून एक थोराड काळं बदक धाडकन उडालं.

"नकटा!" काका ओरडले. "आपल्याकडे असतो की!"

गोंधळ होण्यासारखाच आहे. दोन्ही अंगाने दांडगे, दोघांचं डोकं पांढरं आणि त्यावर काळे ठिपके. पण नकट्याचं पोट पांढरं नि पंख काळे. ह्याचं अंग काळपट आणि पंख उघडला की पुढची बाजू पांढरीशुभ्र. ती आम्ही सगळ्यांनी पाहिली होती. शिवाय नकट्याच्या नराच्या चोचीवर गाठ असते, ती इथे नव्हती.

"मग मादी असेल," काका म्हणाले.

नकट्याच्या मादीला गाठ नसते हे खरंच, त्यामुळे वाद नावेपर्यंत चालला. पंखांच्या पांढऱ्या रंगावर काका काही बोलेनात. शेवटी त्यांनी वही काढून नोंद केली : 'नकटा, आसामी पद्धतीचा.'