मधल्या सुट्टीनंतरचा तास

शाळेतल्या झोपेचे प्रकार असतात. पहिल्या तासाची झोप ही रात्रीची उरलेली, मधल्या सुट्टीनंतरची ताजी, तिथल्या तिथे तयार झालेली. तिसरी उघड्या डोळ्यांची. ती पहिल्या बाकावरच्या हुशार मुलांनाच साधते. सरांना ती कळते, पण ते बोलत नाहीत. कुणीतरी आपल्याकडे बघतंय, हाच त्यांना मोठा आधार असतो.

दुपारच्या पेंगेचं सगळं खापर आपण खिचडीवर फोडतो. खिचडी अगदीच निर्दोष नाही, पण दुपारी एक ते तीनच्या सुमारास शरीराच्या घड्याळातच उतार असतो. न जेवताही डुलकी येतेच. तेव्हा मुलं उपाशी ठेवण्यात अर्थ नाही.

सकाळच्या पेंगेचं कारण याहून गमतीचं. मुलं वयात येऊ लागली की झोप आणणारं मेलाटोनिन उशिरा स्रवतं, कधी दोन तासांपर्यंत उशिरा. रात्री अकरा वाजता नववीतला मुलगा टक्क जागा असतो, त्यात मोबाइलचा हात असतोच, पण सगळा गुन्हा मोबाइलचा नाही. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. शाळा सातची, रिक्षा साडेसहाची, आईची पहिली हाक साडेपाचची. हिशेब सोपा आहे. फक्त तो शिकवतात त्या गणिताच्या तासाला हा झोपलेला असतो.

२०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवायला सांगितलं. चांगलं झालं. पण ज्यांचं घड्याळ खरोखर मागे पडतं, ते आठवी-नववीवाले राहिलेच. कॅलिफोर्नियात २०२२ पासून बहुतेक हायस्कुलं साडेआठच्या आधी भरत नाहीत. आपल्याकडे एकाच इमारतीत दोन अधिवेशनं. मोठ्यांना उशिरा बोलवायचं तर बसवायचं कुठे?

तोवर वर्गातले घरगुती उपाय. खडू फेकणं हे त्यातलं सगळ्यात निरुपयोगी. त्याने झोपलेला नव्हे, शेजारचा जागा होतो. ‘उभा राहा’ ही मात्र शिक्षा म्हणून वाईट असली तरी औषध म्हणून बरी, फक्त ती सगळ्या वर्गाने मिळून घ्यावी आणि सरांनीही. पावसाळ्यात पन्नास-साठ मुलांनी कोंडलेल्या खोलीची एक खिडकी उघडली, थोडे कपडे भिजले, तरी चालेल.

खरा उपाय वेळापत्रकात आहे. व्याकरण सकाळी, चित्रकला किंवा पी.टी. दुपारी. पण वेळापत्रक जूनमध्ये सेवाज्येष्ठतेने लागतं. ज्येष्ठ मंडळी पहिले तास घेऊन मोकळी होतात आणि मधल्या सुट्टीनंतरचा तास नवख्या शिक्षकाच्या गळ्यात पडतो. विषय बहुधा नागरिकशास्त्र. तो पोटतिडकीने सांगत असतो की लोकशाहीत नागरिकाने सदैव जागरूक असलं पाहिजे, आणि अर्धा वर्ग माना डोलावून त्याला संमती देत असतो.