समुद्राचा उपास

न्यू जर्सीत लेकीच्या दिवाणखान्यात एक समुद्र आहे. काचेच्या पेटीतला. त्यात मासे आहेत, प्रवाळ आहेत, आणि सगळ्यांत सुखाने नांदतंय ते शेवाळ. एवढी एकच गोष्ट या घरात फुकट आली.

(आपल्याकडे हा शौक जमायचा नाही. टणक प्रवाळांना वन्यजीव कायद्याने २००१ सालापासून वाघाच्या पंगतीला बसवलंय.)

जावईबापूंचा समुद्र नळाचं पाणी घेत नाही. आधी आरओ, त्यापुढे रेझिनची आणखी एक नळी, मग मीटरवर शून्य दिसलं की लिटरला ३५ ग्रॅमच्या हिशोबाने खास मीठ. आम्ही माणसं नळाचंच पितो.

तरी शेवाळ उगवतंच. त्याला लागतात नायट्रेट आणि फॉस्फेट, आणि ते येतात माशांच्या जेवणातून. म्हणून गोठवलेली बारीक कोळंबी वितळवायची, गाळणीत धुवायची आणि चिमटीने वाढायची. मी कोकणातली. दारी आलेल्याला चिमटीने वाढणं मला जन्मात जमलेलं नाही. पण जावई बजावतात, "आई, जास्तीचं सगळं शेवाळाच्या पोटात जातं."

मग शेवाळ खायला नोकरमंडळी ठेवली. टर्बो गोगलगाई रात्रभर चरतात नि जाता जाता प्रवाळ पाडतात. स्वतः उलट्या पडल्या तर सुलट व्हायला त्यांना माणूस लागतो. पोटात पाय असून उपयोग काय! हिरव्या फुग्यांच्या शेवाळासाठी एक हिरवा खेकडा आहे. शिवाय एक ब्लेनी मासा, ज्याला इथे चक्क गवत कापायच्या यंत्राचं नाव आहे. त्याला कोळंबीची चटक लागली आणि कायम झालेल्या कारकुनासारखं त्याने कामाकडे बघणंच सोडलं. बाहेरचं गवत जावई कापतात, आतलंही तेच उपटतात, जुन्या टूथब्रशने.

टाकीखालच्या कपाटात तर आणखी शेवाळ आहे, मुद्दाम लावलेलं! केटोमॉर्फा म्हणतात, हिरव्या दोऱ्याचा गुंता. रात्री त्याच्यावर दिवा लावायचा, त्याने वरच्या शेवाळाचा घास पळवायचा, वाढलं की मूठभर उपटून फेकायचं. लेक म्हणते, "आमच्या घरात रात्रपाळीला फक्त तेच जातं."

यात विनोद करायचा नाही, असं जावयांचं मत. १९८३-८४ साली कॅरिबियन समुद्रात लांब काट्यांचे सी अर्चिन साथीत मेले, चरणारं कोणी उरलं नाही आणि कितीतरी प्रवाळ शेवाळाखाली गेले, हे ते मला वरणभात कालवताना सांगतात. मी भात कालवायची थांबते, तेवढा मान ठेवते.

शेवटी पाण्यातली घाण फेसावाटे काढणारा स्किमर, केटोमॉर्फा आणि फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे, सगळ्यांनी मिळून नायट्रेट-फॉस्फेटचे दोन्ही आकडे शून्यावर आणले. पेढे वाटायचेच बाकी होते. तेवढ्यात वाळूवर तपकिरी, चिकट, बुडबुडे धरलेले धागे दिसू लागले. डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्मजीव! इतरांची उपासमार झाली की मोकळ्या जागेत हेच माजतात. काहींच्या विषाने गोगलगाईसुद्धा मरतात.

उपाय काय? नायट्रेटची बाटली. जे काढायला एवढी यंत्रं घेतली, तेच आता पैसे मोजून, थेंब मोजून आत सोडायचं.

परवा जावई टाकीपुढे उभे राहून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "आई, आज माशांना जरा सढळ हाताने वाढा."

मी आधी ती गाळणी उचलून सिंकखाली टाकली.